तुम्ही विचारलेत म्हणून: दारावर आलेल्या माणसाला आत घ्यावे का?

घरदुरुस्तीची कामे घेणाऱ्या एका कंपनीसाठी मी नाशिकमध्ये दारोदार फिरून विक्री करतो. गच्ची आणि भिंतींचे वॉटरप्रूफिंग हे आमचे मुख्य काम. त्याच्या जोडीला रंगकाम, खिडक्यांच्या जाळ्या आणि सेफ्टी डोअर. नातेवाइकांपासून जुन्या ग्राहकांपर्यंत अनेक जण मला एकच प्रश्न विचारतात: "तुम्ही स्वतः हेच काम करता, तर खरे सांगा, असा माणूस दारावर आला तर त्याला आत घ्यावे का?" तुम्ही विचारलेत म्हणून सविस्तर लिहितो. ओळखपत्र पाहून आत जरूर घ्यावे, त्याच्याकडून घराची पाहणी करून घ्यावी, मनात येतील ते सगळे प्रश्न विचारावेत; मात्र त्या दिवशी त्याला एक रुपयाही देऊ नये आणि कशावरही सही करू नये.

याचे कारण आमच्या कमाईच्या रचनेत आहे. या क्षेत्रात बहुतेक ठिकाणी ठरावीक पगार थोडा असतो आणि घर चालते ते बुकिंगवर मिळणाऱ्या इन्सेंटिव्हवर. महिनाअखेर जवळ आली की टार्गेटचा ताण वाढतो आणि "ही सूट फक्त आजच्यापुरती आहे" हे वाक्य तोंडात येते. ते म्हणणारा माणूस लबाडच असतो असे नाही, पण घाई त्याची असते, तुमची नसते. मालाचा आणि मजुरीचा खर्च एका रात्रीत बदलत नाही, त्यामुळे आज परवडणारी सूट कंपनीला उद्याही परवडते. दोन दिवसांनी फोन करून तोच दर मागून पाहा. काम हवे असलेली कंपनी तो देते.

आमचा हंगाम होळीनंतर सुरू होतो आणि जूनमध्ये पाऊस लागेपर्यंत चालतो, कारण कोटिंग बसण्यासाठी पृष्ठभाग पूर्ण कोरडा लागतो. ओलसर स्लॅबवर घाईने मारलेले कोटिंग आतल्या वाफेने फुगते आणि त्याचे पोपडे सुटतात. म्हणून भर पावसात "उद्याच काम सुरू करतो" म्हणणाऱ्याला गच्ची कोरडी कशी करणार, एवढे एकच विचारावे. फ्लॅटमध्ये गच्चीचे काम हा सोसायटीचा निर्णय असतो, त्यामुळे तिथे आम्ही जाळ्या आणि दरवाजे यांच्यापलीकडे फारसे बोलत नाही. खरे काम असते ते इंदिरानगर, पाथर्डी फाटा, म्हसरूळ अशा भागांतल्या रो-हाउस आणि बंगल्यांमध्ये. सिडकोतल्या घरांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. तिथल्या मूळ छोट्या घरांना मालकांनी गरजेप्रमाणे खोल्या जोडल्या, वर मजले चढवले, आणि जुने बांधकाम जिथे नव्याला मिळते त्या सांध्यात बारीक भेग पडते. पाणी तिथून शिरते आणि उताराने वाहत जाऊन भलत्याच खोलीत उतरते. अशा घरात छताकडे बोट दाखवून लगेच दर सांगणाऱ्या माणसाने पाहणी केलेलीच नसते.

पाहणी म्हणजे काय, हे एका घरावरून सांगतो. इंदिरानगरमधल्या एका रो-हाउसमध्ये काकूंनी मला बेडरूमची भिंत दाखवली. महिना एप्रिलचा होता. भिंतीवर गुडघ्याच्या उंचीपर्यंत ओल होती, गिलाव्यावर पांढरे क्षार आले होते आणि रंग हाताने चोळला की पावडर होऊन गळत होता. टीपॉयवर दुसऱ्या एका कंपनीचे संपूर्ण गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे कोटेशन ठेवलेले होते. गच्ची गळत असेल तर ओल वरून खाली येते आणि ती पावसाळ्यात वाढते; ही ओल खालून वर चढत होती, वर्षभर तशीच होती आणि भिंतीच्या पलीकडे बाथरूम होते. मी त्यांना म्हणालो, "काकू, आज रात्री सगळे नळ बंद करा, मोटर लावू नका, टाकीत पाण्याच्या पातळीवर खूण करा आणि सकाळी पाहा." सकाळी पातळी उतरलेली होती. प्लंबरने फरशीलगतची टाइल काढली, तेव्हा भिंतीत पुरलेल्या पाइपाचा सांधा पाझरताना सापडला. माझे बुकिंग झाले नाही, आणि त्या घराला गच्चीच्या कोटिंगची गरजही नव्हती. दारावर आलेला माणूस तुम्हाला देऊ शकतो ती सर्वांत मोलाची गोष्ट हीच: रोज अनेक घरांच्या भिंती पाहणारी नजर. तिचा लाभ जरूर घ्यावा.

ओल मोजण्याच्या यंत्राबद्दल सावध राहावे. दोन टोकदार पिनांचे ते छोटे यंत्र भिंतीला टेकवले की आवाज करते, आकडा वर चढतो आणि घरातली माणसे घाबरतात. ते प्रत्यक्षात दोन पिनांमधला विजेचा रोध मोजते, आणि भिंतीत क्षार असले तर भिंत बरीचशी सुकलेली असतानाही आकडा मोठा येतो. यंत्र उपयोगी आहे, पण एकाच डागावर टेकवून चालत नाही. त्याच भिंतीवर कोरड्या दिसणाऱ्या जागी, वर, खाली आणि शेजारच्या भिंतीवर टेकवून आकडे ताडून पाहिले, तरच ओल कुठून येते याचा अंदाज लागतो. आलेल्या माणसाला तसे करून दाखवायला सांगावे.

दर ऐकताना तो कशाचा आहे हे विचारावे. गच्ची 20 फूट बाय 30 फूट असेल तर तळ 600 चौरस फूट होतो, आणि पुष्कळ लोक मनात तेवढाच हिशेब धरतात. पण कठडा 3 फूट उंच असेल तर त्याची आतली बाजू आणखी 300 चौरस फूट भरते, म्हणजे बिल 900 चौरस फुटांचे होते. कठडा आणि तळ यांचा कोपरा ही पाणी शिरण्याची नेहमीची जागा असल्याने कठडा सोडून काम करणेही बरोबर नाही. काही जण प्रति चौरस फूट दर मुद्दाम कमी सांगतात आणि कठडा, भेगा भरणे, जुना कोबा दुरुस्त करणे हे सारे नंतर "एक्स्ट्रा" म्हणून लावतात. माप तुमच्या समोर टेपने घेतले जावे, आणि कोटेशनवर क्षेत्रफळ, मालाचे नाव, कोटिंगच्या थरांची संख्या, दर जीएसटी धरून आहे की सोडून, हे सगळे लिहिलेले असावे. कागदावरचा जीएसटी क्रमांक 15 अक्षर-अंकांचा असतो आणि महाराष्ट्रातील नोंदणीचा 27 ने सुरू होतो. तो जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते दिसते.

गॅरंटीची वर्षे जास्त असण्यापेक्षा ती कोण देतो आहे हे महत्त्वाचे. माल बनवणाऱ्याची गॅरंटी मालापुरती असते. काम नीट न झाल्यामुळे गळती राहिली तर त्याची गॅरंटी काम करणाऱ्याने लिहून दिलेली असावी लागते. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि शेवटचा हप्ता कोटिंग पूर्ण वाळल्यावर गच्चीत 24 ते 48 तास पाणी तुंबवून पाहिल्यानंतरच द्यावा. ही चाचणी मागितल्यावर जो नाराज होतो, त्याला काम देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फसवणूक झालीच तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागता येते. कंपनीचे ऑफिस दुसऱ्या शहरात आहे म्हणून गप्प बसण्याचे कारण नाही.

आणि ज्यांना काहीच करून घ्यायचे नाही त्यांच्यासाठी. आमच्यापैकी बरेच जण उन्हातान्हात फिरतात, सोसायटीच्या गेटवर वॉचमनची परवानगी मिळण्याची वाट पाहत थांबतात, आणि दार उघडणाऱ्याने पाणी विचारले तरी त्यांना बरे वाटते. संकोचापोटी तुम्ही "नंतर या" म्हणता, तेव्हा आमच्या यादीत तुमच्या नावापुढे "फॉलोअप" असे लिहिले जाते; मग फोन येतात, माणूस पुन्हा दारात उभा राहतो आणि दोघांचाही वेळ जातो. "आम्हाला नको आहे, पुन्हा येऊ नका" असे शांतपणे सांगितलेत, तर मी ते नाव खोडतो आणि पुढच्या घराची बेल वाजवतो.