आमची वाटचाल: रहाट, झेंडा आणि थकलेलं बिल

मेलबर्नमध्ये आमचं प्रॉप्सचं वर्कशॉप आहे. मराठी मंडळाच्या नाटकांना तलवारी-सिंहासनं करता करता धंदा उभा राहिला. मधली वर्षं ठीक गेली, सोडून देतो. सांगायचंय ते युरेकाच्या, म्हणजे इथल्या सोन्याच्या खाणीतल्या लोकांनी सरकारविरुद्ध केलेल्या बंडाच्या, सिनेमाबद्दल.

१८५४, बॅलरॅट. वरवरचं सोनं तोवर संपत आलं होतं. युरेकाच्या पट्ट्यात महिनोन्महिने खोल खणत जायचं, आणि सोनं लागो न लागो, खणायच्या सरकारी लायसन्सची फी भरायचीच. बंड पेटलं ते त्यावरून. म्हणून मी आर्ट डायरेक्टरला म्हटलं, सेटवर खोल खड्ड्यातून माती उपसणारे रहाट हवेत, ओढ्यात घमेली हलवणारी माणसं नकोत. रहाटाचे ओंडके आम्ही वाकसाने तासले. रंधा मारला की कॅमेऱ्यात लगेच फर्निचर दिसतं.

तरीही घमेल्यांची ऑर्डर दुसऱ्या वर्कशॉपला गेली. चकचकीत ॲल्युमिनियम, वरून तपकिरी स्प्रे! बंडाचा झेंडाही त्यांचाच, छापील पॉलिस्टर. मूळ झेंडा बॅलरॅटला आजही बघायला मिळतो: निळी लोकर, हाताने शिवलेले पांढरे तारे, एकासारखा दुसरा नाही. गाडीने दीड तासावर आहे, पण जाऊन बघायचं कोणी?

सरकारी फौजेची बंडवाल्यांवरची ३ डिसेंबरची पहाटेची चढाई प्रत्यक्षात पंधरा-वीस मिनिटांत आटोपली होती. निर्मात्यांनी तिच्यावरच बजेट उडवलं. घोडे, लाल कोट, धूर. पुढे तेरा जणांवर राजद्रोहाचा खटला चालला आणि १८५५ मध्ये सगळे निर्दोष सुटले. माझ्या मते खरा सिनेमा तिथे होता. पैसे संपले म्हणून तोच भाग कापला. ज्यूरीची बाकं आम्ही करून ठेवली होती. आमचं बिलही त्यांच्यासोबत पडून राहिलं.

लाकूडवाल्याचे फोन, थकलेलं भाडं. शटर ओढायचंच बाकी होतं. तेव्हा धावून आल्या बॅलरॅटच्या एका शाळेतल्या नाटकाच्या बाई. आमच्या अगदी पहिल्या गिऱ्हाइकांपैकी. त्यांनी मुलांसाठी दोन रहाट घेतले, सगळी बाकं घेतली, घासाघीस न करता रोख दिले, आणि आणखी शाळांना आमचं नाव सांगितलं. बाईंचं काम आजही रांगेत थांबत नाही.

नव्याने धंद्यात येणाऱ्यांनी ऐकावं: लाकूड कापायच्या आधी निम्मे पैसे, माल सेटवर उतरवण्याआधी उरलेले. ‘रिलीजनंतर बघू’ म्हणणाऱ्याला चहा पाजा, माल देऊ नका.

ते बिल अजून थकलेलंच आहे. दर जूनला, हिशोबाचं वर्ष संपताना, स्मरणपत्र पाठवतो.