कीब.कॉमचे ७ केबी: माझा अनुभव

३८६ प्रोसेसरचं जुनं मशीन, जर्मन कीबोर्ड, एमएस-डॉस ६.२२ ही मायक्रोसॉफ्टची जुनी ऑपरेटिंग सिस्टिम. यावर कीब.कॉम (डॉसमध्ये कीबोर्डची मांडणी बदलणारा छोटा प्रोग्राम) लावला नाही तर वाय दाबल्यावर झेड उमटतो. (आपल्याकडे कीबोर्ड अमेरिकी, त्याची मांडणी बायोसमध्येच, म्हणजे मशीनच्या चिपमधल्या मूळ प्रोग्राममध्येच, त्यामुळे कीबशी फारसा कुणाचा संबंध आला नाही.)

ऑटोएक्झेक.बॅट या, मशीन चालू होताना चालणाऱ्या आज्ञांच्या फाइलमधली ओळ साधी: 'कीब जीआर,,सी:\डॉस\कीबोर्ड.सिस'. 'मेम /सी /पी' (मेमरी कुणी किती घेतली ते दाखवणारी आज्ञा) केल्यावर कळलं, डॉस प्रोग्रामांसाठीच्या ६४० केबी मेमरीतले सुमारे ७ केबी त्याने अडवलेत. इंटरप्ट ९ (कळ दाबल्याचा इशारा) तो बायोसकडून स्वतःकडे घेतो आणि भाषेचे तक्तेही मेमरीतच ठेवतो. एखाद्या गेमला ६०० केबी मोकळे हवे असले की हे ७ केबी सलतात.

म्हणून कीबला ६४० केबीच्या वरच्या मोकळ्या तुकड्यांत (यूएमबी) न्यायचं ठरवलं. कॉन्फिग.सिस या सुरुवातीच्या सेटिंग-फाइलमध्ये मेमरी सांभाळणारे ड्रायव्हर, आधी हायमेम.सिस, मग 'ईएमएम३८६.ईएक्सई नोईएमएस' आणि 'डॉस=हाय,यूएमबी' घातलं. कीबच्या ओळीआधी 'एलएच' ('वर लोड कर' ही आज्ञा) लावून मशीन पुन्हा चालू केलं. मेम पाहिलं तर कीब खालीच, ६४० केबीतच! एलएच तक्रार करत नाही. वर जागा मिळाली नाही तर गुपचूप खाली लोड करतो.

गोम अशी, की लोड होताना सुमारे १५ केबीची अख्खी फाइल एका सलग ब्लॉकमध्ये बसावी लागते. जास्तीची जागा नंतर सुटते. माझ्याकडे माउस ड्रायव्हर आणि एमएससीडीएक्स (सीडी ड्राइव्हसाठीचा प्रोग्राम) आधी वर गेल्याने तेवढा तुकडाच उरला नव्हता. कीबची ओळ त्यांच्याआधी आणली, काम झालं.

तरीही जागा कमी पडली तर ईएमएम३८६ च्या ओळीत 'आय=बी०००-बी७एफएफ' घालून मोनोक्रोम (एकरंगी) डिस्प्लेसाठी राखलेले ३२ केबी मिळवता येतात. काही एसव्हीजीए ग्राफिक्स कार्डं हाच भाग वापरतात. मग स्क्रीनवर कचरा येतो किंवा मशीन अडकतं. अशा वेळी बूट होताना एफ५ दाबून दोन्ही फाइली टाळायच्या आणि ओळ काढायची. विंडोज ३.१ चालवायचं असेल तर सिस्टिम.आयएनआय या विंडोजच्या सेटिंग-फाइलमध्ये मोनोयूएमबी.३८६ हा ड्रायव्हरसुद्धा लागतो.

ईएमएम३८६ स्वतः खाली सुमारे ३ केबी घेतो, हेही हिशेबात धरा. एकट्या कीबसाठी तो लावणं मला तरी पटत नाही. माउस, सीडी सगळंच वर न्यायचं असेल तरच. २८६ वर तो चालतच नाही. तिथे मी कॉन्फिग.सिसमध्ये 'इन्स्टॉल=' वापरून कीब लोड करतो: एन्व्हायर्नमेंटची (डॉसच्या सेटिंगांच्या यादीची) प्रत बनत नाही, पण बचत किरकोळच.