आटलेल्या धबधब्याचा फोटो

मे महिन्यात साताऱ्याजवळच्या ठोसेघर धबधब्याच्या कड्यावर दिसतो तो नुसता काळा कातळ. नेमक्या त्याच दिवसांत एक काका साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या आमच्या फोटो स्टुडिओत आले. सज्जनगडच्या पुढे, ठोसेघरच्या रस्त्याला त्यांचं हॉटेल होत आलं होतं. दर्शनी भिंतीवर त्यांना धबधब्याचा चार फूट रुंद फोटो लावायचा होता आणि तोही पाणी मऊ, वाहतं दिसणारा. पावसाळा लागायच्या आत हॉटेल सुरू व्हायचं होतं. जवळ काय होतं, तर पुतण्याने आदल्या ऑगस्टमध्ये मोबाइलवर घेतलेला वीस सेकंदांचा फोरके व्हिडिओ.

असा फोटो एरवी कॅमेरा स्टँडवर लावून काढतात. शटर सेकंद-दोन सेकंद उघडं ठेवायचं, आणि दिवसाउजेडी फोटो पांढराफटक पडू नये म्हणून लेन्सवर काळा एनडी फिल्टर चढवायचा. पण त्याला समोर पाणी लागतं. माझ्यापुढे पाणी नव्हतं, फ्रेम होत्या. सेकंदाला ३० म्हणजे एकूण ६००. उघड्या शटरमागे सेन्सर प्रकाशाची बेरीज करत असतो. तीच बेरीज फ्रेमची सरासरी काढून नंतर टेबलाशी बसूनही करता येते. म्हणजे शटर किती वेळ उघडं ठेवायचं, हे पाणी आटून गेल्यावरही ठरवता येतं. या कामातलं मला सगळ्यात जास्त आवडतं ते हेच.

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि चित्रांवर काम करायची तिची ओपनसीव्ही ही साधनं घेऊन बसले. फोरकेची एक फ्रेम ३८४० गुणिले २१६० पिक्सेलची. तीन रंग धरून जवळपास २५ एमबी. सगळ्या एकदम उघडल्या तर १५ जीबी मेमरी लागेल, माझ्या मशीनमध्ये आहे ८. म्हणून एकेक फ्रेम वाचायची, बेरजेत घालायची आणि सोडून द्यायची. फ्रेममधला प्रत्येक रंगाचा आकडा आठ बिटांचा असतो आणि आठ बिटांत २५५ च्या पुढचा आकडा मावत नाही, त्यामुळे बेरीज दशांशांत ठेवायची. मोबाइल रेलिंगला टेकवून धरलेला असल्याने वाऱ्याने चित्र हलत होतं. कातळावरच्या खुणा धरून प्रत्येक फ्रेम पहिलीवर बसवली. त्या जुळवणीतून पाण्याचा भाग मुद्दाम वगळला, नाहीतर खुणा पाण्याबरोबर खाली घसरतात. शेवटी धुकं आलं होतं, त्या फ्रेम गाळल्या.

खरी गोम पुढे आहे. व्हिडिओतले आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात. एखाद्या पिक्सेलवर अर्धा वेळ काळा कातळ आणि अर्धा वेळ पांढरं पाणी असेल, तर काळ्याचा ० आणि पांढऱ्याचा २५५ धरून नुसती सरासरी १२८ येते. खऱ्या शटरमागे तिथे अर्धा प्रकाश साठतो आणि स्क्रीनच्या नेहमीच्या एसआरजीबी मापात अर्ध्या प्रकाशाचा आकडा साधारण १८८ असतो. आधी आकडे प्रकाशात उलटवायचे, मग सरासरी, मग परत स्क्रीनच्या मापात. दोन्ही चित्रं शेजारी लावून काकांना दाखवली. एकात पाणी मळकट, राखाडी. दुसऱ्यात आतून उजळलेलं. ओलीने चमकणारा कातळही दुसऱ्यातच ओला वाटत होता. फरक इतका ठळक होता की काही समजावून सांगावं लागलं नाही.

खालच्या कोपऱ्यात धबधबा बघायच्या गॅलरीतली माणसं होती, चालत जाणारी. सरासरीत ती विरली. फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक असलेल्या दागेरने १८३८ मध्ये पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो घेतला, तेव्हाही येणारीजाणारी माणसं अशीच नाहीशी झाली. ठळक उमटला तो बूट पॉलिश करून घ्यायला थांबलेला माणूस. आमच्या गॅलरीत मात्र पुसट डाग उरले होते. तेवढ्या कोपऱ्यात सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, घेतला. कुणीही अर्ध्याहून जास्त वेळ एका जागी थांबलेलं नव्हतं, त्यामुळे डागही गेले.

आता अख्ख्या व्हिडिओची सरासरी काकांपुढे ठेवली. मला ती देखणी वाटत होती. काकांनी चष्मा वर सरकवला आणि मान हलवली. "ताई, ह्यो आमचा धबधबा न्हवं, कापूस हाय नुसता. मधल्या खडकावर पाणी आपटतं, फुटतं, डावीकडं निराळी धार जाती. ती कुठं गेली?"

त्यांचं खरं होतं. इतक्या वेळात धारेचं धारपण पुसलं जातं. मी फ्रेमची संख्या कमी करत गेले, ते स्क्रीनजवळ वाकून बघत राहिले. सेकंदभराच्या सरासरीवर आलो आणि त्यांनी बोट टेकवलं. "हितं थांबा." मधला खडक दिसत होता, डावीकडची धार सुटी झाली होती.

पण तिथे दुसरीच अडचण उभी राहिली. दहा मीटर पडलेल्या थेंबाचा वेग सेकंदाला साधारण १४ मीटर होतो. दोन फ्रेमच्या मध्ये तो जवळजवळ अर्धा मीटर खाली जातो. मोबाइलचं शटर उजेडात क्षणभरच उघडतं, त्यामुळे मधला प्रवास नोंदलाच जात नाही. दाट धारेत ते कळत नाही, कडेच्या सुट्या थेंबांची मात्र ठिपक्यांची रांग उमटते. शेवटी मुख्य धारेला सेकंदभर आणि कडेच्या तुषारांना सगळा वेळ असा हिशेब केला, दोन्हींमधली सीमा मऊ ठेवली. इतक्या फ्रेम मिसळल्याने मोबाइलच्या चित्रात कातळावर दिसणारे बारीक रंगीत दाणेही गेले, म्हणून चार फुटांची प्रिंट स्वच्छ आली.

यंदाच्या पावसाळ्यासाठी पुतण्याला सांगून ठेवलंय: मोबाइल स्टँडवर लाव, फोकस आणि एक्स्पोजर लॉक कर, शटर १/३० सेकंदावर ठेव म्हणजे थेंबांच्या रांगा पडणार नाहीत. त्याने उजेड जास्त होईल, त्यासाठी एनडी फिल्टर माझ्याकडून घेऊन जा. आणि वीस सेकंद नको, चांगला दोन मिनिटांचा व्हिडिओ घे.