मशीन आहे, माणूस नाही

"मशीन आहे हो दादा, चालवणारा सोडून गेला," सिस्टर इतक्या सहज बोलल्या की मला काय बोलावं तेच कळेना. तालुक्याचं हॉस्पिटल, डायलिसिसचं मशीन, वर स्वच्छ धुतलेली चादर. काकांना मग जिल्ह्याला नेलं, जाऊन-येऊन अख्खा दिवस गेला.

२०२४ मध्ये राज्यात एकदम १० नवी सरकारी मेडिकल कॉलेजं आली, गडचिरोली, हिंगोली, वाशिमलापण, चांगलंच झालं. पण आपल्याकडे चर्चा फक्त एमबीबीएसच्या सीटची. डायलिसिस, एक्स-रे, भूल यांचे टेक्निशियन किती लागणार, कुठल्या तालुक्यात, हा हिशोब नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाने कोर्स आणि सीटा ठरवतानाच जिल्ह्यांकडून मागवायला हवा ना? आणि तिथल्याच पोरांना त्यात आधी घेतलं तर ती टिकतील असं मला तरी वाटतं.

तुमच्याकडे काय परिस्थिती?