बाटली, झाकण आणि २२ जुलै : आमची वाटचाल

चिपळूणच्या बाजारपेठेत आमचं दुकान आहे. फळ आणि साखर सोडली, तर घरी जॅम, सरबत, मुरांबा करायला जे जे लागतं ते सगळं आमच्याकडे मिळतं : बरण्या, बाटल्या, लग कॅप (फिरवून बसवायची पत्र्याची झाकणं), आंबटपणासाठी सायट्रिक, माल टिकवायला केएमएस आणि बेंझोएट या पावडरी, जॅम घट्ट करणारं पेक्टिन, मलमल, बुचं मारायचं हातमशीन. बाबांनी दुकान टाकलं तेव्हा कोकण रेल्वे आली नव्हती. ते रात्रीच्या एसटीने मुंबईला जायचे, प्रिन्सेस स्ट्रीटवरून पावडरींची पाकिटं घ्यायचे आणि दुसऱ्या रात्री परत यायचे. बाटल्या ट्रकने यायच्या, त्यातल्या काही फुटूनच उतरायच्या.

बाबांचा एक नियम होता. बाटली जुनी चालेल, झाकण नवंच हवं. लग कॅपच्या आतल्या कडेला लायनिंग असतं. गरम जॅम भरून झाकण फिरवलं की हे लायनिंग मऊ होतं आणि बाटलीच्या ओठाचा ठसा घेतं. जॅम थंड होताना आत पोकळी तयार होते आणि झाकण घट्ट खेचलं जातं. दुसऱ्यांदा तेच झाकण लावाल तर जुना ठसा नव्या ओठावर बसत नाही, हवा शिरते आणि पंधरा दिवसांत बुरशी येते. हे बाबा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे. गिऱ्हाईक कंटाळलं तरी सांगायचे.

मधली वर्षं नीट गेली. नोटाबंदी आली, जीएसटी आला, २०२० च्या टाळेबंदीत ऐन हापूसच्या हंगामात दुकान बंद राहिलं. तेही निभावलं.

मग २२ जुलै २०२१ उजाडला. रात्रभर पाऊस कोसळत होता, पहाटे वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलं. २००५ चा पूर आम्ही पाहिलेला, त्यामुळे माल त्या खुणेच्या वर रचला होता. पाणी त्या खुणेवरूनही गेलं. दुसऱ्या दिवशी शटर उघडलं तर आत घोटाभर चिखल. सायट्रिकची पोती विरघळून नुसते रिकामे पिशवे उरलेले. लेबलांच्या रिळांचा लगदा झालेला. गणपतीसाठी भरलेली झाकणांची खोकी फुगून फाटलेली. त्यातली ६३ मिलीमीटरची सोनेरी झाकणं मी मुद्दाम आंब्याचं चित्र छापून करून घेतली होती. तशी झाकणं आमच्याखेरीज बाजारात कुणाकडेच नव्हती.

चौथ्या दिवशी गुहागरच्या काकू आल्या. करवंदाचा जॅम आणि कोकम सरबत करणाऱ्या, बाबांच्या काळापासूनच्या गिऱ्हाईक. दोन सुना आणि घरचा मोठा टोप टेम्पोत घालून आणला होता. मला म्हणाल्या, "काच धुता येते रे. रडत बसू नको, पाणी तापव." तीन दिवस आम्ही बाटल्या धूत होतो. आधी चिखल काढायचा, मग धुण्याच्या सोड्याचं उकळतं पाणी, मग साधं उकळतं पाणी. त्या बाटल्या मी अर्ध्या किमतीला विकल्या, आणि पुरातल्या आहेत हे प्रत्येकाला सांगून विकल्या.

झाकणं मात्र विकली नाहीत. पुराचं पाणी लायनिंगखाली शिरतं आणि कुठल्याही सोड्याने निघत नाही. सगळी पोत्यांत भरून भंगारात दिली. माझी चूक झाली ती इथे.

गणपतीच्या आठवडाभर आधी काकू परत आल्या. पिशवीतून एक सोनेरी झाकण काढून त्यांनी गल्ल्यावर ठेवलं. वर आंबा, आतल्या कडेला गंजाची बारीक रेघ. नाकाशी नेलं तर चिखलाचा वास. वरच्या अंगाला, जिथे पाणी चढलं नव्हतं, तिथल्या एका व्यापाऱ्याने भंगारातून माझीच पोती उचलली होती. झाकणं धुऊन, पुसून तो निम्म्या दराने विकत होता. दोन बचत गटांनी ती हापूसच्या पल्पच्या जॅमला लावली. माल परत आला आणि बोल मला लागला, कारण झाकणावरचा आंबा माझा होता. मी त्या व्यापाऱ्याकडे गेलो. तो म्हणाला, भंगार विकलंत, आता ते माझं. त्याच्या या बोलण्यावर कायद्याने काय करता येतं ते मी शोधत बसलो नाही. दोन्ही गटांना नवी झाकणं फुकट दिली. ती गिऱ्हाइकं आज माझ्याकडे आहेत. पण अजूनही कुणी "तुमची झाकणं मागे गंजली होती ना?" असं विचारलं की माझं डोकं तापतं.

म्हणून सांगतो, झाकण टाकून देताना आधी खिळ्याने भोक पाडा. आम्ही आता एकेक झाकण ठोकून मगच भंगारात देतो.

आणखी एक. ब्रिक्स, म्हणजे शंभर ग्रॅममध्ये साधारण किती ग्रॅम साखर विरघळलेली आहे ते, मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर लोक ऑनलाइन मागवतात आणि बहुतेकदा ० ते ३२ चा घेऊन येतात. तो रसाला ठीक. जॅम उतरवायचा ६८ च्या आसपास, तिथे त्या मोजपट्टीत काहीच दिसत नाही. ५८ ते ९० चा घ्या. पैसे नसतील तर चमच्यावरून थेंब सोडून बघा : धार तुटून पापुद्र्यासारखी पडली की जॅम झाला. पेक्टिन कोरडंच पाचपट साखरेत कालवून घाला, नाहीतर गुठळ्या होतात. करवंदाला पेक्टिनची गरजच नाही, त्याच्यात भरपूर असतं. स्क्वॉशला केएमएस किलोमागे साधारण ०.६ ग्रॅम, पण कोकमाला आणि जांभळाला ते घालू नका, लाल-जांभळा रंग उडतो. तिथे बेंझोएट. चिमटीने मोजायचं नाही, छोटा काटा घ्या.

पुरातून वाचलेला बाबांचा रिफ्रॅक्टोमीटर अजून गल्ल्याशेजारी आहे. पाणी चढलं तेव्हा तो माडीवर होता. त्याची पितळी नळी काळवंडली आहे, पण आकडा बरोबर देतो. गिऱ्हाईक जॅमचा नमुना घेऊन आलं की मी त्याच्यावरच बघतो, आणि ६५ च्या खाली आला तर पुन्हा आटवायला परत पाठवतो.

काकूंना आता डोळ्यांना कमी दिसतं, म्हणून मोठी सून येते. हंगामाची पहिली करवंदाची बाटली मात्र काकूच पाठवतात. सोनेरी झाकणं मी पुन्हा छापून घेतली. या वेळी आंब्याखाली वर्ष घातलं आहे. यंदाची ५३ आणि ६३ ची झाकणं गुढीपाडव्याच्या आत नोंदवा, वैशाखात तुटवडा पडतो.