घाव घातलेला तिबेरियसचा ऑरियस : अभ्यासाची तिसरी नोंद

मागच्या नोंदीपर्यंत रोमन सम्राट तिबेरियसच्या (कारकीर्द इ.स. १४ ते ३७) ऑरियसवरील, म्हणजे रोमन सुवर्णनाण्यावरील, लेख वाचून झाला होता. पुढच्या बाजूस लॉरेलच्या पानांचा मुकुट घातलेले सम्राटाचे मस्तक आणि तो दैवी ऑगस्टसचा पुत्र असल्याचा उल्लेख. मागच्या बाजूस राजदंड व फांदी धरून बसलेली स्त्री, जिला बरेच अभ्यासक सम्राटाची आई लिव्हिया मानतात, आणि ‘पोंतिफ माक्सिम’ (म्हणजे मुख्य पुरोहित) ही अक्षरे. टाकसाळ लुग्दुनमची, म्हणजे आजच्या फ्रान्समधील ल्योंची.

या खेपेस मुद्दाम खराब झालेली नाणी घेतली. १८९८ मध्ये आजच्या तमिळनाडूतील पुदुकोट्टै येथे ५०१ रोमन सुवर्णनाणी सापडली. त्यांतील काही ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. सम्राट व्हेस्पेशियनपर्यंतच्या या नाण्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक नाण्यांवर सम्राटाच्या मस्तकावरच छिन्नीचा घाव आहे. छायाचित्रांवरून रेखाटने करताना अशी नाणी मी आजवर बाजूला सारत होतो, हे येथे कबूल करतो.

सोन्याचा मुलामा नाही ना, हे पाहण्यासाठी घाव घातला असावा, असे एक मत आहे. ते मला पटत नाही, कारण त्यासाठी कडेला घातलेला लहानसा छेद पुरला असता आणि कस पाहण्यास कसोटीचा दगड होताच. नाणे चलनातून बाद करून केवळ सोने म्हणून ठेवण्यासाठी चेहरा छेदला, हे दुसरे मत मला अधिक सयुक्तिक वाटते. सम्राट नीरोने इ.स. ६४ च्या सुमारास ऑरियसचे वजन घटवून एका रोमन पौंडात ४५ नाणी पाडण्यास सुरुवात केली, त्यामुळे जुन्या व नव्या नाण्यांत फरक करणे व्यापाऱ्यांना भाग पडले असणार. तथापि घावाचे कारण तेच होते, असे म्हणण्याइतका पुरावा माझ्या हाती नाही.

घावाने नाण्याची मागची बाजू कशी बदलते, याचा पडताळा म्हणून तांब्याच्या २० मिलिमीटरच्या तीन चकत्या भट्टीत तापवून मऊ केल्या आणि त्यांवर छिन्नी चालवली. ऐरणीवर ठेवलेल्या चकतीची मागची बाजू चपटी झाली, तर लाकडावर ठेवलेल्या दोन्ही चकत्यांना मागे स्पष्ट फुगवटा आला. त्यामुळे आता छायाचित्रांत मागच्या बाजूची बसलेली स्त्री कोठे दबली आहे आणि कोठे उचलली गेली आहे, ते नाण्यागणिक टिपत आहे. आतापर्यंत अकरा रेखाटने झाली आहेत.