वाल्ह्याच्या तळावर उसण भरली

वारीला निघताना सगळी तयारी पायांची होते. मोजे, व्हॅसलिन, फोडांना लावायच्या पट्ट्या, सरावातले जुने बूट. मीही पाडव्यापासून रोज पहाटे चालत होते, त्यामुळे पुणे ते सासवड हा माउलींच्या पालखीचा सगळ्यात लांबचा टप्पा, तीसएक किलोमीटर, मध्ये दिवे घाट, तोही फारसा त्रास न होता पार पडला. जेजुरीला भंडारा लावून घेतला, वाल्ह्याला पोचले. कंबर म्हणून काही आपल्याला आहे याची आठवणही झाली नव्हती.

वाल्ह्याला रात्री पाऊस झाला. पहाटे ओलसर सतरंजीची वळकटी बांधताना मी तिच्यावर गुडघा टेकवला, दोरी ओढली आणि डाव्या कुल्ह्यापासून पोटरीपर्यंत कुणी तापलेली तार ओढावी तसं झालं. मी तिथेच चार पायांवर थांबले. वर होता येईना, खाली बसता येईना. शिंक आली तर काय होईल या भीतीने तोंड घट्ट मिटून धरलेलं.

तळ हलायच्या वेळी कुणाला सवड नसते. पालं उतरत असतात, ट्रकवाला ओरडत असतो, टँकरपाशी बायकांची रांग. तरी आमच्या राहुटीतल्या परभणीकडच्या मावशींनी पाहिलं आणि लांबूनच निदान केलं, "उसण भरली गं माय." मग उपायही आलेच. शेजारच्या दिंडीतले एक धिप्पाड टाळकरी म्हणाले, "पालथं झोपवा माउलींना, कमरेवर गुडघा देऊन एक हिसका देतो, लगेच उठून चालतील." मी हात जोडून नको म्हटलं. नुसती पाठ धरली असती तर एक वेळ ठीक. पण कळ गुडघ्याखाली उतरली होती, अंगठ्याला मुंग्या येत होत्या. म्हणजे मणक्यातून पायाकडे जाणारी शीर दाबली जात होती. मधली गादी सरकली असेल तर हिसक्याने ती जागेवर तर येत नाहीच, शिरेवरचा दाब मात्र वाढू शकतो. आमच्या ऑफिसात एकाने असं चोळून घेतलं होतं आणि नंतर महिनाभर तो भिंतीला धरून चालत होता.

मावशी ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी पायाळू बाई शोधून आणली. जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या माणसाची लाथ बसली की उसण जाते, हे मी आजीकडून ऐकलं होतं, पण प्रत्यक्ष पायाळू समोर उभी राहील असं वाटलं नव्हतं. बाई सत्तरीच्या, नाकात नथणी, पायात खेटरं. म्हटलं, "आजी, लाथ नको, नुसता पाय लावा." त्यांनी खेटर काढलं, "पांडुरंग, पांडुरंग" म्हणत पाठीला अलगद अंगठा लावला आणि निघून गेल्या. दुखणं होतं तेवढंच राहिलं. पण सगळ्यांचं समाधान झालं आणि मला ट्रकमध्ये चढवायला मोकळे हात मिळाले.

ड्रायव्हरशेजारी बसून पाहिलं. बसणं सगळ्यात वाईट, त्यात रस्त्याचा प्रत्येक दणका. मग मागे गेले. कळक, घमेली, तांदळाची पोती यांच्यामध्ये उताणी झोपले आणि दोन्ही पोटऱ्या ज्वारीच्या पिठाच्या पोत्यावर ठेवल्या, गुडघे काटकोनात. पाच-दहा मिनिटांत कळ निम्म्यावर आली. ही युक्ती पूर्वी एका फिजिओथेरपिस्टने दाखवली होती: अशा स्थितीत कमरेवरचा ताण उतरतो. बाजेवर, सतरंजीवर, कुठेही करता येते, पायाखाली बादली उपडी घातली तरी चालते. पोतं मात्र मऊ लागतं, हे माझं मत.

त्या दिवशी नीरेच्या दत्तघाटावर माउलींच्या पादुकांना स्नान होतं आणि पुणे जिल्हा मागे टाकून पालखी साताऱ्यात शिरते. ते स्नान बघायचं फार मनात होतं. आमचा ट्रक स्वयंपाकासाठी पुढे पळालेला; मी नीरेचा पूल ताडपत्रीखाली झोपून ओलांडला. रडू आलं. तेव्हा आमचे आचारी कांदे सोलता सोलता म्हणाले, "माउली, मी कैक वर्षं ट्रकातनंच येतो. मग माझी वारी होत न्हाई व्हय?" याला उत्तर नव्हतं. अखंड चालण्याचा हट्ट आम्हा शहरातून आलेल्यांचाच जास्त, किलोमीटर मोजायचं घड्याळ हाताला बांधलेलं असतं ना! दिंडीतल्या जुन्या माणसांनी मला एकदाही विचारलं नाही की किती चाललीस. विचारलं ते जेवलीस का, एवढंच.

लोणंदला आरोग्य पथकाच्या तंबूत गेले. रांगेत बहुतेकांचं एकच म्हणणं, "सुई द्या." डॉक्टर तरुण होत्या, घाईत होत्या, पण तपासणी नीट केली. उताणं झोपवून पाय सरळ ठेवूनच वर उचलला. थोडा उचलताच कळ आली. मग टाचांवर चालायला लावलं, चवड्यांवर चालायला लावलं. लघवीवर ताबा आहे ना, बसायच्या जागी बधिरपणा नाही ना, पाऊल लोळत नाही ना, हे स्पष्ट विचारलं. यातलं एकही असतं तर वारी तिथेच थांबवून मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं असतं, म्हणाल्या, तिथे एक दिवसही काढायचा नसतो. माझं तसं नव्हतं. गोळ्या दिल्या त्या काही खाल्ल्यावरच घ्यायच्या. एकादशीच्या उपासाच्या पोटी तर नाहीच. आणि दिवसभर पडून राहायचं नाही. थोडं चाला, थांबा, पुन्हा चाला. वाकणं आणि ओझं बंद.

वाकणं बंद म्हणजे काय, ते वारीत कळतं. फिरत्या शौचालयात उकिडवं बसायचं कसं? मावशी दाराबाहेर उभ्या, मी आतून हाक मारली की एक हात आत. कीर्तनाला मांडी घालता येईना, तेव्हा मागे कळकाला टेकून उभी राहायची. आणि सगळ्यात अवघड गोष्ट नमस्काराची. वारीत कुणीही "माउली" म्हणून तुमच्या पायाला हात लावतं आणि तुम्ही त्यांच्या. पांढऱ्या मिशांचे एक बाबा माझ्या पायाशी वाकले आणि मी ताठ उभी! कंबर दाखवून "उसण, उसण" म्हटलं तेव्हा ते हसले आणि पुन्हा वाकले.

लोणंद ते तरडगाव हा टप्पा आठेक किलोमीटरचा. माझ्यासारखीला देवानेच आखून दिलेला. हातात काठी घेतली, पिशवी ट्रकात टाकली. एक गोष्ट दिंडीत चालताना लक्षात येते. रस्ता दोन्ही कडांना उतरता असतो, आणि काठच्या माणसाचा एक पाय दिवसभर खाली पडतो. मी ओळीतली जागा बदलून मधोमध घेतली, त्याने खरोखर फरक पडला. चांदोबाच्या लिंबाजवळ पहिलं उभं रिंगण. दिंड्या दुतर्फा उभ्या आणि मधून अश्व सुसाट गेले. टापांखालची माती घ्यायला सगळे वाकले. मला वाकता येत नाही हे आमच्या बायकांना ठाऊक, त्यांनी माती आणून माझ्या कपाळाला फासली, थोडी डोळ्यातही गेली.

पुढे फलटणचा टप्पा मोठा, तो दुपारच्या विसाव्यापर्यंत चालले आणि उरलेला ट्रकात. हाच क्रम पंढरपूरपर्यंत ठेवला. रात्री कुशीवर झोपायचं, दोन गुडघ्यांमध्ये चादरीची घडी; उठताना आधी कुशीवर वळून हाताच्या जोरावर उठायचं. वाखरीला पोचेपर्यंत पायातली कळ वर सरकत कुल्ह्यापर्यंत आली होती. दुखणं असं पायातून कमरेकडे मागे सरकू लागलं की ते उतरणीला लागलं समजायचं, हेही त्या फिजिओथेरपिस्टनेच सांगितलं होतं.

घरी आल्यावर डॉक्टरांनी पायातली ताकद पाहिली, शाबूत होती, म्हणून एमआरआयची घाई केली नाही. व्यायाम लावून दिले. अंगठ्याचा बधिरपणा गणपतीपर्यंत राहिला.

मध्ये मावशींचा फोन आला. "गेली का उसण?"

"गेली, मावशी."

"मंग? पायाळूचा पाय होता त्यो!"

मी हो म्हटलं. तेव्हा मी सतरंजीवरच होते, पोटऱ्या खुर्चीवर ठेवून, सकाळच्या व्यायामातला तिसरा प्रकार चालू होता.